काका 'अडल्ट'च्या यादीत

ऑफिसातल्या नेट वापराचा महिन्याचा रिपोर्ट साहेबांनी माझ्यापुढे सरकवला. 'अडल्ट'मध्ये पहिलं नाव अकाउंट्समधल्या काकांचं. "बघा, या वयात!"

नावात अमुक शब्द असला की साइट अडवायची, ही शब्दांची यादी साहेबांनीच फिल्टरमध्ये हट्टाने घालून घेतलेली. 'सेक्स' अडवला तर इंग्लंडातलं एसेक्स विद्यापीठही अडेल, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ऐकतंय कोण!

जागेवर येऊन स्क्विडचा, म्हणजे ऑफिसचं नेट ज्यातून जातं त्या प्रॉक्सीचा, लॉग उघडला. काकांच्या मशीनवरून एकाच साइटसाठी ४०३ च्या, म्हणजे अडवल्याच्या, ओळीच ओळी. साइटच्या नावात 'ब्रेस्ट' होतं, आणि त्याला लागूनच 'कॅन्सर'.

साइट एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद, असली की ब्राउझर प्रॉक्सीला फक्त 'कनेक्ट', साइटचं नाव आणि ४४३ पोर्ट एवढंच सांगतो. आतलं पान आम्हाला दिसत नाही. सर्टिफिकेट घालून तेही उघडता येतं. आमच्याकडे ते केलेलं नाही. पण गंमत पुढेच आहे. अशी साइट अडवली की 'ही साइट बंद आहे' हे आमचं पान ब्राउझर दाखवतच नाही, नुसती टनेल जुळली नाही अशी एरर देतो. माणसाला वाटतं नेट गंडलंय, तो रिफ्रेश मारत बसतो. दर रिफ्रेशला एक ओळ. काका पहिले आले ते असे.

त्याखाली मात्र एका वेब प्रॉक्सीच्या ओळी होत्या, २०० वाल्या, म्हणजे उघडलेल्या. मशीन बघायचं निमित्त काढून त्यांच्याकडे गेलो.

"अहो, साइट उघडेचना. भाच्याने ही युक्ती सांगितली. हिचे रिपोर्टही मेलवर आलेत, तेही त्यातूनच बघितले."

पोटात गोळा आला. वेब प्रॉक्सीत पत्ता टाकला की तिचा सर्व्हर पान आणून आपल्याला देतो. लॉगमध्ये आम्हाला फक्त तो सर्व्हर दिसतो, पण त्या सर्व्हरवर सगळं उघडं असतं. पासवर्ड, रिपोर्ट, चालवणाऱ्याला हवं ते वाचता येतं. फुकटात एवढी सेवा कोण कशाला करेल? मेलचा पासवर्ड तिथल्या तिथे त्यांच्या मोबाइलच्या नेटवरून बदलून घेतला.

साहेबांना म्हटलं, नियम भलतंच पकडतोय, काढून टाकतो. त्यांनी लॉग मागितला. लॉग कंपनीचा, नाही कसं म्हणणार? त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला. "तो शब्द काढा," एवढंच बोलले.

मेमो तरीही निघाला, फिल्टर चुकवल्याबद्दल. धोरणात बसतो, मान्य. पण अशा वेळी धोरण बाजूला ठेवायलाच साहेब असतो ना?

काकांनी सही केली आणि मला गाठलं. "मी काय बघत होतो ते कुणाला कळलं नाही ना?"

"नाही हो काका. लॉगमध्ये नुसतं साइटचं नाव दिसतं."