प्रश्नांना वेळ ठेवा

पुणे विद्यापीठाच्या आवारात सेमिनारची नोटीस लागली की मी आधी बघते हॉल किती वाजता सोडायचाय ते. साडेचारला सुरुवात आणि साडेपाचला हॉल रिकामा, असं असेल तर प्रश्नांना वेळच उरत नाही. आणि मला सगळ्यात जास्त शिकवलंय ते प्रश्नांनीच.

परवा कॅन्सरवरच्या एका औषधाबद्दल बाहेरून आलेल्या सरांचं व्याख्यान होतं. आलेख छान, ब्लॉट नावाच्या चाचणीतल्या पट्ट्या स्वच्छ. शेवटी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलगी उठली. माइक हातात धरून तिनं विचारलं, "सर, या सेल लाइनची एसटीआर चाचणी केली आहे का?" सर क्षणभर थांबले. "दुसऱ्या लॅबकडून आणली होती. करून घ्यायला हवी," म्हणाले आणि खिशातून पेन काढून लिहून घेतलं. मला त्या दोघांचंही फार कौतुक वाटलं.

सेल लाइन म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या, एकाच मूळच्या पेशी; आणि एसटीआर म्हणजे डीएनएवरून त्या पेशींची ओळख पटवणं. तिचा प्रश्न किती मोलाचा होता हे कळायला थोडा इतिहास हवा. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता, पेशी घेतल्या गेल्या. तिच्या नावावरून त्यांना हेला पेशी म्हणतात. त्या इतक्या झपाट्यानं वाढतात की चुकून एक थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही आठवड्यांत मूळ पेशी मागे पडतात आणि फ्लास्कभर हेलाच उरते. वरचं लेबल मात्र जुनंच राहतं. 1966 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका परिषदेत स्टॅनली गार्टलर यांनी हे सगळ्यांसमोर मांडलं. वेगवेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या सेल लाइन्समध्ये त्यांना जी६पीडी या एन्झाइमचा एकच प्रकार सापडला होता, जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारा. त्यातल्या काही लाइन्स तर गोऱ्या रुग्णांच्या म्हणून नोंदलेल्या होत्या. म्हणजे लेबल काहीही असलं तरी आत हेलाच असावी. ज्यांची वर्षांची मेहनत त्या पेशींवर उभी होती ती माणसं समोर बसलेली असताना हे सांगायला केवढं धैर्य लागलं असेल!

हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकायला बाल्टिमोरला गेल्या त्या जॉर्ज गाय यांच्याकडे, म्हणजे हेला ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढली त्यांच्याकडेच. परत येऊन त्यांनी मुंबईत हे तंत्र रुजवलं. आणि आज देशभरातल्या लॅब सेल लाइन मागवतात ती राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राची रिपॉझिटरी, म्हणजे पेशींचं भांडार, आमच्याच आवारात आहे. तिथून रीतसर आणलेल्या पेशी आणि मित्राच्या लॅबमधून बर्फाच्या डब्यात आलेल्या पेशी यांतला फरक प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, वक्त्यांचा तीन पानी परिचय यांत वीस मिनिटं जातात आणि मग "वेळेअभावी एकच प्रश्न" असं जाहीर होतं. तो एक प्रश्नही पहिल्या रांगेतच विचारला जातो. चहाच्या वेळी विचारा म्हणतात. पण तिथे वक्त्यांभोवती प्राध्यापकांचं कडं असतं, बुजरी मुलं समोसा घेऊन लांबच उभी राहतात. आमच्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीत, आता पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचेच असतात. ते येईपर्यंत सर-मॅडम थांबतात. सुरुवातीला सगळे गप्प बसायचे. हल्ली मुलं पेपर वाचून, समासात पेन्सिलीनं खुणा करून येतात.