मोसंबीच्या चकतीतली तपकिरी रेघ

बदनापूरच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली आणि मागच्या बॅगेत काच वाजली. शूटला निघालो होतो मोसंबीच्या, आणि चकती जिच्यावर चिकटवायची ती काचच फुटली.

माझा जालन्यात स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर चालतं, मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तूंचे अगदी जवळून फोटो, हा शौक. त्या शौकाला पैसे देणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं होतं, ते म्हणजे काका. त्यांची पाच एकर मोसंबी. २०१२ च्या दुष्काळात अर्धी बाग वाळली, उरलेली टँकरच्या पाण्यावर जगवली. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून स्वतःच्या नावाची पेटी काढायचं त्यांच्या डोक्यात होतं. पेटीवर चकतीचा फोटो पाहिजे होता. "आरपार दिसली पाहिजे, काचंगत," एवढीच अट.

काचेचं ऐकून काकूंनी भिंतीवरची एक फ्रेम उतरवली. कुठल्याशा कृषी प्रदर्शनातलं काकांचं प्रशस्तिपत्र. "ह्याचं काय काम पडतंय तसं बी," म्हणाल्या. काका नुसते बघत राहिले.

जागा गोठ्याची धरली. पूर्वेला दार, आत अंधार. मागून उजेड घ्यायचा तर याहून चांगला स्टुडिओ नाही. दारावर बटर पेपर ताणला, नाहीतर कोवळं ऊनसुद्धा चकतीत चरचरीत पांढरे डाग पाडतं. काच दोन विटांच्या फटीत उभी केली. चकती ओली असली की काचेला आपोआप चिकटते, पण दहा-बारा मिनिटंच; मग रस ओघळतो आणि मुंग्यांना पत्ता लागतो.

चकती कापण्यात तासभर गेला. काकूंनी विळीवर कापल्या, एक कड जाड, एक पातळ. मग सुरी घेतली. बोथट सुरीनं रसाच्या पिशव्या दबून फुटतात आणि उजेडात चकती गढूळ दिसते. शेवटी बॅगेतला पेपर कटर काढला, नवं पातं घातलं, तीनेक मिलिमीटरची चकती निघाली. काचेवर लावली आणि मागून ऊन आलं. फोडींचे पडदे पांढऱ्या रेघांसारखे, मध्ये रसाच्या लांबट पिशव्या, एकेक वेगळी मोजता यावी अशी. काकूंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, आपल्याच बागेतलं हाय व्हय हे?"

सालीतून उजेड जात नाही, ती काळी पडते. म्हणून पुढून पांढरा पुठ्ठा धरून थोडा उजेड परत फेकावा लागतो. तो काकांच्या नातवानं धरला, हात दुखेपर्यंत. मागचा लख्ख उजेड बघून कॅमेरा फसतो आणि चित्र काळवंडवतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, दीड स्टॉप वर ठेवलं. साडेआठपर्यंत पेटीचं काम उरकलं होतं.

खरं तर तिथंच आवरायचं. पण उजेड असा असला की मला उठवत नाही. लेन्स जवळ नेली, एकास एकपर्यंत, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर उमटते. इतक्या जवळून फोकसची पट्टी जेमतेम मिलिमीटरभर. श्वास रोखून हातानंच फोकस करायचा. चौथ्या फळाच्या चकतीत एक रेघ दिसली. सालीपासून आत गेलेली, केसाएवढी, तपकिरी. तिच्या भोवतीच्या आठ-दहा पिशव्या विझलेल्या. बाकीच्या पेटलेल्या आणि ह्या मातकट.

"लेन्सवर घाण हाय का?" काका म्हणाले.

लेन्स पुसली, रेघ तिथंच. मग त्यांनी त्याच फळाचा उरलेला अर्धा भाग उचलला, सालीवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. सुईच्या टोकाएवढं भोक. बाहेरून डाग नाही, काही नाही. हे फळ त्यांनी स्वतः पेटीसाठी निवडलेलं.

"पतंग," ते म्हणाले आणि खाली बसले.

रस शोषणारा पतंग रात्री येतो, सोंड सालीतून आत घालतो, रस पिऊन निघून जातो. त्या भोकातून सड शिरते आणि फळ गळतं. काका दोन आठवडे फळगळीचा दोष पाण्याला देत होते. मग तो दिवस फोटोग्राफीचा उरला नाही. त्यांनी क्रेटमधून फळं काढायची, मी कापायची, उजेडावर धरायची. अकरा कापली, तिनांत रेघ.

रात्री थांबवूनच घेतलं. आठच्या सुमाराला बॅटरी घेऊन बागेत गेलो. उजेड फिरवला तसे फळांवर निखाऱ्यासारखे ठिपके चमकले, पतंगाचे डोळे. एक जवळून बघितला: वरचे पंख वाळल्या पानासारखे, खालचे नारिंगी, त्यावर काळं. सोंड फळात. मी वाकलो, फ्लॅश उडाला, तो उडाला. फोटो हलला. एवढा हळहळ वाटणारा फोटो माझ्याकडे दुसरा नाही.

जेवताना विषय निघाला की अळ्या कुठे वाढतात. झाडावर नाही, गुळवेलीवर, वासनवेलीवर. बांधावरच्या वेली काढा, संध्याकाळी बागेत धूर करा, असं कृषीवाले सांगतात ते यासाठीच. काका जेवता जेवता थांबले. विहिरीजवळच्या निंबावर गुळवेल होती, मनगटाएवढी जाड, काकूंनी २०२० साली काढ्यासाठी लावलेली.

"तिला हात लावायचा न्हाई," काकू तव्यावरची भाकरी उलटताना म्हणाल्या. "कोरोनात सगळ्या गल्लीनं प्याली तिचा काढा."

"अन् ही फळं?"

"धूर करा की."

चार दिवसांनी पेटीचे फोटो पाठवून फोन केला. फोटो आवडले, रेघेवाला त्यांनी आधीच सगळ्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता, त्यावर काम माझं असलं तरी नाव त्यांचं. गुळवेलीचं विचारलं.

"निम्मी उपटली," काका हळू आवाजात म्हणाले. "ती माहेरी गेलीय, आल्यावर बघू."