उद्यमनगरातलं डबल पेडल

बँडचं नाव इथं सांगून उपयोग नाही, कारण ते छापलं तेव्हाही कुणाला वाचता आलं नव्हतं. हेवी मेटल म्हणजे ढणढणाटी रॉक; ते वाजवणाऱ्यांची अक्षरं काटेरी लागतात. बाभळीच्या फांद्या एकमेकींत अडकल्यासारखी. गिटारवाल्यानं दोन रात्री जागून ती काढली आणि आम्ही फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला आणि विचारलं, "भावा, मुळ्या वर ठेवायच्या का खाली?"

'आम्ही' म्हणतोय खरं, पण मी काहीच वाजवत नव्हतो. आमच्या घरी मारुती ओम्नी होती आणि ड्रमसेट रिक्षात बसत नाही. बँडमधलं माझं स्थान एवढ्यावरच पक्कं होतं.

बँड २००९ च्या पावसाळ्यात सुरू झाला आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या आत संपला. बी मात्र आधीच पडलं होतं. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड बंगळूरला येऊन वाजवून गेला. गिटारवाला घरी 'मित्राच्या बहिणीचं लग्न' सांगून रात्रीच्या बसनं तिकडं गेला आणि परत आला तो मान आखडून. आठवडाभर आई मिठाची पुरचुंडी गरम करून मान शेकत होती आणि विचारत होती, "लग्नात असं काय केलंस रे तू?"

गायकाचं प्रकरण याहून सोपं होतं. तो घरी सरळ 'तालमीला जातो' म्हणून सांगायचा. कोल्हापुरात पोरगा तालमीला जातो म्हटल्यावर बापाला आनंदच होतो. दोन महिने त्या घरात त्याच्यासाठी धारोष्ण दूध येत होतं. पुढं पोराचा आवाज बसायला लागला तेव्हा आईनं ज्येष्ठमध सुरू केलं. मी त्याला अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट सांगितली. तरुणपणी अति गाऊन खाँसाहेबांचा आवाज गेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्यांनी लयीच्या अवघड वाटा धरल्या आणि शाहू महाराजांच्या दरबारात येऊन मोठं गाणं उभं केलं. घसा सांभाळ, एवढंच मला सांगायचं होतं. त्यानं उलटा अर्थ काढला. "म्हणजे आधी आवाज घालवायलाच पाहिजे," म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी खालून गुरगुरू लागला.

आमची तालीम म्हणजे शिवाजी उद्यमनगरात गिटारवाल्याच्या वडिलांचं वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशिन, एक पॉवर प्रेस आणि कोपऱ्यात बीडाच्या कास्टिंगचा ढीग. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून पोरं वाजवायची. आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विसर्जनाला डॉल्बीनं खिडक्यांची तावदानं थरथरतात त्या गावात आमचे दोन अँप्लिफायर म्हणजे घरगुती मिक्सर. तक्रार आली ती एकदाच, शेजारच्या शेडमधून, आणि तीही वेगळी होती : "आर्धा तास सुरुवातच वाजवायलाय. गाणं कवा सुरू करणार?"

खरी अडचण ड्रमरची होती. मेटलमध्ये बेस ड्रमवर दोन्ही पायांनी सलग ठोके पाडावे लागतात आणि त्याला डबल पेडल लागतं. किंमत ऐकून ड्रमर पायऱ्यांवर जाऊन बसला. तेव्हा लेथवरचे मामा पुढं आले. इंटरनेटवरचा फोटो त्यांनी चष्मा कपाळावर सारून नीट बघितला. "दोन पायडल हैत, मधी शाफ्ट हाय, दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट. ह्यात काय अवघड हाय?" जॉइंट जुन्या सॉकेट सेटमधून निघाले. स्प्रिंग स्कूटरच्या स्टँडची. ठोका मारणारी डोकी मामांनी नायलॉनचा रॉड टर्न करून काढली. आठ दिवसांत पेडल तयार. उचलताना कंबर लचकेल इतकं जड, पण चाललं. अगदी मिरचीच्या डंकासारखं चाललं. एकच दोष : डावा पाय दाबला की बारीक 'कुईं' वाजायचं. पोरांनी ते गाण्यात धरून घेतलं.

मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. पॉवर प्रेसवर गेलेली. उद्यमनगरात असे हात नवीन नाहीत. गिटारवाल्यानं त्यांना ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅम, म्हणजे तिकडचं उद्यमनगरच. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशिननं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या, पुढं तारा सैल करून सूरही खाली उतरवले. मेटलचा तो जाड, ओढल्यासारखा आवाज असा जन्माला आला. १९७० मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली.

मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "ईएसआयचं मिळालं का न्हाई त्याला?"

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत.

पहिला जाहीर कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. तो दीड गाणं टिकला. पहिल्या गाण्यातच साऊंडवाला पळत स्टेजवर आला, गिटारची जॅक उपसली आणि कानाशी लागून म्हणाला, "वायर बदल भावा, आवाज फाटायलाय." ते फाटणं महिनाभर खपून मिळवलंय, हे त्याला सांगायला वेळ नव्हता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर फिशपाँडवाल्यांनी माईक घेतला.

खरा कार्यक्रम झाला खंडेनवमीला. त्या दिवशी वर्कशॉपात यंत्रांची पूजा असते. लेथला झेंडूचा हार, प्रेसला नारळ, व्हर्निअर कॅलिपरलासुद्धा हळदकुंकू. मामांनी त्याच ओघात दोन्ही गिटारींना आणि पेडललाही कुंकू लावलं. प्रसाद वाटून झाल्यावर गिटारवाल्याचे वडील पहिल्यांदाच म्हणाले, "वाजवा काय ते." पोरांनी वाजवलं. कवटीचा टीशर्ट घातलेला गायक गणपतीच्या तसबिरीखाली उभा राहून गुरगुरत होता आणि समोर वीस-पंचवीस कामगार हातात पेढा घेऊन गंभीरपणे ऐकत होते. तिसऱ्या गाण्याला पलीकडच्या फौंड्रीतला एक पोरगा हलगी घेऊन आला. त्यानं क्षणभर पेडलकडं बघितलं, वेग पकडला आणि मग ड्रमरलाच पळवायला लागला. हलगी, डबल पेडल आणि ते 'कुईं'. मला संगीतातलं फार कळत नाही, पण त्या दहा मिनिटांत कामगारांचे पेढे हातातच राहिले.

मोडलं ते भांडून नव्हे. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली, बेसवाल्याचं लग्न ठरलं, माझी ओम्नी विकली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका बंगळूरला आले तेव्हा चौघं एकत्र जायचं ठरलं होतं. गेला एकटा गिटारवाला, आणि या वेळी घरी खरं सांगून.

आता वर्कशॉप तोच बघतो. गेल्या वर्षी सीएनसी मशिनसाठी जागा करायची म्हणून कोपरा रिकामा केला, तेव्हा मीही मदतीला होतो. कास्टिंगच्या ढिगाखाली पेडल सापडलं. डावा पाय दाबून बघितला, 'कुईं' तसंच होतं. ते बाजूला ठेवायचं का, असं मी नजरेनं विचारलं. त्याचा फोन चालू होता. तेवढ्यात भंगारवाल्यानं ते उचललं, हातातच तोलून बघितलं आणि म्हणाला, "हे हेवीत न्हाई जात साहेब. लाइटमध्ये घेतो."