आपला बालवर्ग आणि कोसबाडचा वारसा

आपल्या शाळेच्या बालवर्गाला पाठ्यपुस्तक नव्हते आणि पहिले कित्येक महिने आमच्या हाती पाटीही दिली जात नसे. वर्गात एक लांब चटई होती, कोपऱ्यात पाण्याचे पिंप, फणी, आरसा आणि नखे कापण्याची कात्री होती, आणि भिंतीलगत एक लाकडी खोके होते. त्या खोक्यात चिंचोके, सागरगोटे, बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले आणि बांबूच्या दहा कांड्या असत. कांड्या लहानापासून मोठीपर्यंत चढत्या क्रमाने कापलेल्या होत्या आणि त्या ओळीने मांडल्या की जिन्यासारखा आकार तयार होई. पुठ्ठ्यावर डिंक लावून त्यावर बारीक वाळू चिकटवून केलेली अक्षरेही होती. ती डोळे मिटून बोटाने गिरवायची असत. आमच्या ताई शेजारी बसून नुसत्या पाहत. कांडी चुकीच्या जागी लागली तरी लगेच बोलत नसत, कारण जिन्याची पायरी बिघडलेली मुलाला स्वतःलाच दिसे आणि तेच मूल ती कांडी उचलून दुसरीकडे लावी.

या ताईंचे शिक्षण डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर झाले होते, एवढेच तेव्हा आम्हाला ठाऊक होते. पुढे मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून काम करू लागले आणि त्या खोक्यातल्या प्रत्येक वस्तूमागे केवढा विचार होता हे मला उमगत गेले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिण्याची विनंती आली, तेव्हा स्वतःच्या वाटचालीपेक्षा ज्या दोन स्त्रियांमुळे आपला बालवर्ग असा घडला त्यांच्याविषयी लिहावे, असे मी ठरवले. त्या दोघी म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक आणि पद्मश्री अनुताई वाघ.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे मुलींनी शिकावे हे त्या घरात वेगळे सांगावे लागत नव्हते. ताराबाई पदवीधर झाल्या, राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एखाद्या भारतीय स्त्रीला असे पद मिळणे हाच मोठा मान होता. तरीही ते पद सोडून 1923 साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी तेथे 1920 साली बालमंदिर सुरू केले होते आणि इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला गुजराती घरातली गाणी, गोष्टी आणि खेळ यांची जोड दिली होती. लहान मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या हातांना आणि इंद्रियांना काम द्यावे, हे आज सर्वमान्य वाटते. छडीविना शाळा ही कल्पनाच लोकांना मानवत नव्हती, त्या काळी ते प्रत्यक्ष करून दाखवावे लागत होते. दोघांनी मिळून 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

ताराबाई शिशुविहारात थांबल्या असत्या तरी महाराष्ट्राने त्यांची आठवण ठेवली असती. मला मात्र त्यांचे खरे मोठेपण पुढच्या निर्णयात दिसते. माँटेसरीचे साहित्य महाग होते आणि त्याच्यासाठी मोठ्या खोल्या लागत. शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांपुरतेच ते शिक्षण राहणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून वयाच्या पन्नाशीनंतर, 1945 साली, त्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी गावी आल्या. त्याच वर्षी याच डोंगरपट्ट्यात किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध संघटित करीत होत्या. आपल्या भागाचा इतिहास शिकवताना या दोन घटना एकत्र सांगितल्या जात नाहीत, याची मला खंत वाटते. जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या आईबापांचे मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या लढ्यात होते आणि उरलेले निम्मे बोर्डीच्या बालवाडीत शोधले जात होते.

त्या शोधात ताराबाईंना अनुताईंची साथ मिळाली. अनुताईंचा जन्म 1910 सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आले, तरी घरच्यांनी पाठिंबा दिल्यामुळे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे त्यांनी शिकवले आणि रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक पूर्ण केले. 1945 साली ताराबाईंशी गाठ पडल्यावर त्या बोर्डीला आल्या आणि उरलेले सारे आयुष्य याच भागात राहिल्या.

बोर्डीत आधी गावाच्या मध्यभागी बालवाडी भरवण्यात आली. दूरच्या पाड्यांवरची, गरिबाघरची मुले तेथे येईनात. शिक्षणखात्याच्या रीतीप्रमाणे अशा मुलांची नोंद गैरहजर म्हणून झाली असती आणि दोष पालकांच्या अज्ञानाला दिला गेला असता. या दोघींनी तो दोष पालकांवर टाकला नाही. त्या स्वतः वस्तीवर गेल्या, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात चटई अंथरली आणि तेथेच वर्ग सुरू केला, ही अंगणवाडी. मुले गुरे घेऊन माळावर जातात म्हटल्यावर शिक्षिका माळावर जाऊ लागल्या, ही कुरणशाळा. महागडे माँटेसरी साहित्य बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे आणि बांबू यांचे साहित्य त्यांनी केले, आणि ते करताना मूळ शास्त्राला कुठेही धक्का लागू दिला नाही. आमच्या खोक्यातल्या दहा कांड्या म्हणजे माँटेसरी यांच्या दहा लांबट दांड्यांचेच गावठी रूप होते, हे मला प्रशिक्षणातल्या चित्रांवरून कळले तेव्हा मी चकित झाले होते.

1957 साली हे सारे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे विकासवाडीचा प्रयोग आकाराला आला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असावी, ही त्यामागची कल्पना होती. ती वरवर सोयीची व्यवस्था वाटते, पण तिचे कारण फार खोल होते. आई कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम सात-आठ वर्षांच्या मुलीकडे येते, आणि म्हणून ती शाळेत येत नाही. तान्ह्या मुलाला पाळणाघरात ठेवा, मधल्याला बालवाडीत घ्या, म्हणजे मोठ्या मुलीचे हात मोकळे होतील आणि ती पहिलीच्या वर्गात बसेल. मुलींच्या शिक्षणावर असंख्य परिसंवाद मी ऐकले आहेत. इतके साधे आणि इतके अचूक निदान मला त्यांत क्वचितच ऐकायला मिळाले.

आमच्या ताई हेच करीत. माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी रोज कमरेवर लहान भाऊ घेऊन येई. ताईंनी तिला कधी परत पाठवले नाही. वर्गाच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यांनी त्याला त्यात निजवले, आणि झोका देण्याची पाळी आम्हा सर्वांना वाटून दिली. सकाळी आल्या आल्या हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे हाच पहिला तास असे, आणि तो शिस्तीचा भाग म्हणून नव्हे तर मायेने होत असे. वारली घरांतली मुले आपल्या बोलीत बोलत, आणि ताईही त्यांच्याशी त्याच बोलीत बोलून मग हळूहळू पुस्तकी मराठीकडे नेत.

ताराबाई 1973 साली गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि देशभरातल्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. अनुताईंनी पुढेही काम थांबवले नाही. 1982 साली ग्राममंगल संस्थेच्या स्थापनेत त्या होत्या, आणि 1992 साली त्यांचे निधन झाले.

माझ्या नोकरीत मी पुष्कळ अंगणवाड्या पाहिल्या. पोषण आहार, वजने, लसीकरण आणि नोंदवह्या यांचा भार सेविकेवर इतका असतो की मुलांबरोबर चटईवर बसायला तिला वेळच उरत नाही, आणि तिचे मानधन पाहता तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल. दुसरीकडे गावोगावी खासगी वर्ग निघाले आहेत. तेथे तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन इंग्रजी अक्षरे काढून घेतली जातात, आणि पालक अभिमानाने त्या वह्या दाखवतात. बोटांचे स्नायू तयार होण्याआधी लिहायला लावू नये, हे ताराबाई आणि गिजुभाई शंभर वर्षांपूर्वी सांगत होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून, मातृभाषेतून शिकण्यावर भर दिला, याचे मी मनापासून स्वागत करते; पण त्यासाठी शिकवणाऱ्या व्यक्तीची तयारी करून घेण्याची जी चिकाटी कोसबाडने दाखवली, ती दाखवल्याशिवाय धोरण कागदावरून खाली उतरणार नाही.

म्हणून आपल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. नव्या इमारतीच्या आराखड्यात बालवर्गासमोरच्या अंगणात वाहने उभी करण्याची जागा दाखवली आहे. ती दुसरीकडे हलवावी आणि ते अंगण मातीचेच ठेवावे. सुवर्णमहोत्सवी निधीला माजी विद्यार्थ्यांकडून जी भर पडेल, तिच्यातून बालवर्गाच्या शिक्षिकांना दरवर्षी बालशिक्षणाच्या चांगल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी पाठवावे, आणि तेवढ्या काळात वर्ग बंद राहू नये म्हणून बदली शिक्षिकेच्या मानधनाची तरतूदही त्याच निधीतून करावी. या कामी माझा वाटा मी शाळेच्या कार्यालयात जमा केला आहे, आणि साहित्याची खोकी तयार करण्यासाठी मी स्वतः येऊन बसायला तयार आहे.