स्वस्त तिकिटाची खरी किंमत

कमी पैशांत फिरायचं ठरलं की बहुतेक जण आधी सर्वांत स्वस्त तिकीट शोधतात आणि उरलेल्या खर्चाचा विचार मागाहून करतात. बजेट कोलमडतं ते इथेच. तुलना करायची ती घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत जाणाऱ्या एकूण पैशांची.

समजा, एक विमान १०० ला आहे आणि दुसरं ७० ला. ७० चं विमान पहाटे पाचला सुटतं, म्हणजे तीनपर्यंत विमानतळावर पोचायला हवं. त्या वेळी बस किंवा मेट्रो नसेल तर टॅक्सी आली. बॅगेचे पैसे वेगळे. उतरायचं कुठे, तेही बघा. स्वस्त कंपन्या वापरतात तो पॅरिस-बोव्हे विमानतळ नावात पॅरिस असूनही शहरापासून साधारण ८५ किलोमीटर दूर आहे. विमान रात्री उशिरा पोचत असेल तर शेवटची बस चुकते आणि टॅक्सी किंवा विमानतळाजवळची महाग खोली गळ्यात पडते. म्हणून तिकिटाच्या आकड्यात चार गोष्टी मिळवा: विमानतळापर्यंतचा खर्च, सामान, तिथून मुक्कामापर्यंतचा खर्च आणि अडनिड्या वेळेमुळे वाढणारी एखादी रात्र. ७० चं तिकीट बऱ्याचदा १२० च्या घरात जातं.

सामानाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त फटका इथे बसतो. केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो असेल तर त्यात बॅगेचं स्वतःचं वजनही धरलं जातं. कडक कवचाची चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे कपड्यांना चारच किलो उरतात. मऊ सॅक किलोभराची मिळते. मापं घेताना चाकं आणि हँडल धरूनच घ्या, कंपनीही तसंच मोजते. बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरले तर सहसा सर्वांत कमी पडतात. काउंटरवर जास्त आणि गेटवर त्याहून जास्त. खरेदी येतानाच होणार असेल तर चेक-इन बॅग फक्त परतीच्या तिकिटावर घ्या. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत चालत नाही, ती जवळच ठेवावी लागते.

दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवण्याची युक्ती चांगली आहे, पण तिचे धोके समजून मगच वापरा. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. नवं तिकीट स्वतःच्या पैशांनी काढावं लागतं. सामान सहसा मधेच ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावं लागतं, आणि त्यासाठी इमिग्रेशन पार करायचं असेल तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. मधे निदान पाच-सहा तास ठेवा, किंवा सरळ एक रात्र. आणखी एक: एकाच तिकिटावरचा पहिला टप्पा न कळवता सोडला तर पुढचे टप्पे, परतीसकट, बहुतेक कंपन्या रद्द करतात.

तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पासपोर्टची मुदतही आधीच तपासा, बरेच देश प्रवेशाच्या दिवशी सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीच बुक करू नका.

मुक्कामासाठी आधी मोफत रद्द करता येणारी खोली घ्या आणि रद्द करण्याच्या मुदतीच्या दोन दिवस आधी तेच भाव पुन्हा बघा. उतरले असतील तर नवं बुकिंग करून मग जुनं रद्द करा, हाच क्रम ठेवा. ही मुदत सहसा तिथल्या घड्याळाप्रमाणे असते. अपार्टमेंटला साफसफाईचा आकार बहुधा मुक्कामामागे एकदाच लागतो, म्हणून एका रात्रीला ते महाग आणि सहा रात्रींना परवडणारं ठरतं. काही शहरांत दर माणशी दर रात्री पर्यटक कर जागेवर भरावा लागतो. स्वयंपाकघर असलेली जागा थोडी महाग वाटली तरी रोजचं एक जेवण तिथे झालं की फरक भरून निघतो.

परदेशात कार्ड वापरताना मशीन विचारतं: पैसे तुमच्या चलनात घेऊ की स्थानिक चलनात? उत्तर नेहमी स्थानिक. आपलं चलन निवडलं की दर मशीनवाला ठरवतो आणि त्यात काही टक्के सहज जातात. एटीएमही हाच प्रश्न विचारतं. दर वेळी ठरावीक शुल्क असेल तर चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, व्याज सहसा पहिल्या दिवसापासून चालू होतं. हॉटेल किंवा भाड्याची गाडी अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवते. डेबिट कार्ड दिलं तर तेवढे पैसे काही दिवस हाताशी राहत नाहीत, हे रोजच्या खर्चात धरा.

रोजचा आकडा काढायची रीत सोपी आहे. एकूण रकमेतून आधी भरलेला खर्च वजा करा, उरलेल्यातले १० ते १५ टक्के राखीव ठेवा आणि बाकी रकमेला दिवसांनी भागा. दिवस मोजताना येण्या-जाण्याचेही धरा. सहा रात्री म्हणजे जेवणाचे सात दिवस. शहर बदलण्याचा दिवस नेहमीच्या दिवसापेक्षा महाग असतो, म्हणून दहा दिवसांत पाच शहरांऐवजी दोन-तीनच ठेवा. सिटी पास, म्हणजे शहरातल्या अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट, घेण्याआधी त्यातली ठिकाणं लिहा आणि पास नसतानाही ज्यांना गेला असता, तेवढ्यांचीच तिकिटं बेरजेत धरा. पास २४ तासांचा आहे की कॅलेंडरच्या दिवसाचा, हेही वाचा. कॅलेंडरच्या दिवसाचा पास संध्याकाळी सुरू केला तर मध्यरात्री त्यातला एक दिवस संपतो.