गुरुजींचा कॉम्प्युटर निर्दोष होता

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार-पाच दिवस झाले होते. अमळनेरात त्या दिवसांत दुपारी बाराला रस्ता ओस पडतो. तशा उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून मी बोरीकाठच्या एका गावी निघालो होतो. कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी बोलावणं होतं एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं. फोनवर गुरुजी एवढंच म्हणाले होते, "तू एकदा येऊन पाहा. तूही 'नवा घ्या' म्हणालास, तर मग घेतो मी नवा."

ओट्यावर पाय ठेवतो तोच माय आतून म्हणाल्या, "बस रे भाऊ, पानी लई येस." पाणी पिता पिता गुरुजींनी सगळी हकिगत सांगितली. गुगल उघडतं, व्हिडिओ दिसतात, मेल येते-जाते. पण बँकेची साइट उघडत नाही. नातीला ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचाय, त्याचीही नाही. नुसतं गोल फिरत राहतं. आधी एकाने येऊन अँटिव्हायरस टाकून दिला. मग तालुक्याच्या एका दुकानात नेला, तर त्यांनी 'व्हायरस भरलाय' म्हणून फॉरमॅट मारून परत दिला. तरी बँक बंद ती बंदच.

फॉरमॅट शब्द ऐकला आणि मी विचारलं, "गुरुजी, त्यात तुमचं काही होतं का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. सहा वर्षं ते अहिराणी गाणी टाइप करत होते. आखाजीची, कानबाईची, जात्यावरची. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायांकडून वहीत उतरवून घ्यायचं आणि घरी येऊन एका बोटाने टाइप करायचं. फोल्डर डेस्कटॉपवरच होतं. दिवाळीपर्यंतचं काम त्यांनी नाशिकच्या मुलीला मेलने पाठवलं होतं, म्हणून तेवढं वाचलं. त्यानंतरची फाइल एकही उरली नव्हती, आणि त्या महिन्यांतली एक वहीसुद्धा पावसाने भिजून गेली होती. दुकानात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. हे लिहितानाही माझा जीव तुटतो. आमच्या धंद्यात फॉरमॅटआधी एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागत नाही.

कामाला बसलो. नेहमीच्या गोष्टी आधी पाहिल्या. तारीख-वेळ बरोबर होती. घड्याळ मागे गेलं की सुरक्षित साइट नाकारल्या जातात, पण इथे तसं नव्हतं. होस्ट्स फाइल स्वच्छ, प्रॉक्सी बंद. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा डीएनएस बदलून पाहिला, फरक शून्य. बँकेच्या साइटचा पत्ता व्यवस्थित सापडत होता, तिच्याशी जोडणीही होत होती. जोडणी होते आणि पान येत नाही, हे मला खटकलं.

नात दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "काका, माझ्या मोबाइलवर उघडतं. पण वायफाय बंद केलं तरच."

मी माउस सोडून दिला. तिने दोन्ही दुकानदारांना हेच सांगितलं होतं, कोणी ऐकून घेतलं नाही. वायफायवर मोबाइलही अडत असेल, तर कॉम्प्युटरचा काही संबंधच नाही. दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या वायरीत. राऊटर कधीचा, विचारलं. महिनाभरापूर्वी वळवाच्या वादळात वीज कडाडली आणि जुना राऊटर जळाला. पुण्याच्या मुलाने नवा पाठवला. केबलवाल्या पोराने युजरनेम-पासवर्ड टाकून चालू करून दिला. बँक बंद पडली तीही महिनाभरापूर्वीच. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या, पण त्या एकमेकींशेजारी कोणी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

आदेश टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि बाहेरच्या एका पत्त्याला पिंग केलं, म्हणजे एक छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं. साधं पिंग लगेच परत आलं. मग 'तुकडे करायचे नाहीत' अशी अट घालून आकार वाढवत नेला. १४०० ला उत्तर, १४५० ला उत्तर, १४७२ ला नाही. 'पाकीट मोठं आहे' असा इशाराही नाही, नुसतीच शांतता. एकेक आकडा कमी-जास्त करत गेलो. १४६४ ला उत्तर येत होतं, १४६५ ला येत नव्हतं. तीनदा करून पाहिलं. पिंग स्वतःचे २८ बाइट जोडतं. १४६४ आणि २८, झाले १४९२. हा आकडा दिसला आणि मी गुरुजींना म्हणालो, "सापडलं."

गुरुजींना समजून घ्यायचं होतं, आणि मलाही सांगायचं होतं. नेटवरून माल पाकिटांतून येतो, एक पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. त्यांच्या लाइनवर युजरनेम-पासवर्डाने जोडणी होते, तिला पीपीपीओई म्हणतात. त्यात प्रत्येक पाकिटावर ८ बाइटचं जादा वेष्टण चढतं, म्हणून आतल्या मालाला उरतात १४९२. नव्या राऊटरमध्ये मात्र १५०० च राहिले होते. जास्त मोठं पाकीट आलं की वाटेतल्या यंत्राने पाठवणाऱ्याला 'लहान करून पाठव' असा निरोप द्यायचा, ही पद्धत १९९० सालीच ठरली आहे. पण कित्येक सर्व्हरांपुढची फायरवॉल असे निरोप आत येऊच देत नाही. मग सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे कापसाची गाडी. रेल्वेच्या पुलाखालून जाताना थप्पी उंच झाली म्हणून अडकली, आणि 'थप्पी उतरवा' हा निरोप जिनिंगपर्यंत पोचतच नाही."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. सुरुवातीची पाकिटं चिमुकली असतात, म्हणून जोडणी होते. पुढे सर्व्हर आपलं सुरक्षा-प्रमाणपत्र पाठवतो, ते बहुधा तीन-चार हजार बाइटचं, आणि तिथे गाडी अडते. म्हणून चूक अशी दिसत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. गुगलसारख्या काही बड्या साइट पहिल्यापासून थप्पी बुटकी ठेवूनच माल पाठवतात, म्हणून व्हिडिओ बिनतक्रार चालत होते.

आधी खात्रीसाठी फक्त कॉम्प्युटरचा एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची कमाल मर्यादा, १४९२ केला. जोडणी करतानाच कॉम्प्युटर समोरच्याला सांगतो की मला एवढ्या आकाराचंच पाकीट चालेल, त्यामुळे निरोपाची गरजच उरत नाही. बँकेचं पान एका क्षणात उघडलं. मोबाइल वायफायवर अजून अडत होता, ते अपेक्षितच होतं. मग राऊटरमध्ये शिरून त्याच्या बाहेरच्या बाजूचा एमटीयू १४९२ केला, राऊटर बंद-चालू केला. नातीने वायफायवर विद्यापीठाची साइट उघडली आणि आत पळत जाऊन आजीला दाखवली. केबलवाल्या पोरालाही फोन लावून सांगितलं. त्याने लगेच त्याच गल्लीतली तशीच आणखी दोन घरं आठवून सांगितली.

डिस्क मात्र मनातून जात नव्हती. विंडोज नव्याने टाकलं असलं तरी ती जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क होती, काही शिल्लक असण्याची आशा होती. गुरुजींना म्हटलं, आता यावर एक अक्षरही लिहू नका. ती काढून घेतली, बदली दुसरी बसवून दिली. दुकानात आल्यावर आधी तिची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि रात्रभर शोध लावला. सकाळी काही फाइली निघाल्या, नावं गेलेली, आकडेच उरलेले. बऱ्याच उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून गुरुजींना फोन लावला आणि एकेकीची पहिली ओळ वाचत गेलो. मी ओळ वाचायचो, ते पुढची म्हणून दाखवायचे, आणि मग सांगायचे, कोणत्या गावच्या कोणत्या आजीने म्हटलेली. मी त्या फाइलीला त्या गावाचं नाव देत गेलो.