नळ आणि गच्चीची टाकी : टीएचएम तपासणीची तिसरी फेरी

आधीच्या दोन्ही फेऱ्यांचे नमुने बाद. पहिल्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलं नव्हतं, दुसऱ्यात कुप्यांत बुडबुडे राहिले. ट्रायहॅलोमिथेन, म्हणजे टीएचएम (क्लोरोफॉर्म धरून चार संयुगं), प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रावर मोजतात. पाणी गुलाबी करणाऱ्या घरच्या डीपीडी गोळीला फक्त क्लोरीन कळतो. आपल्या हातात राहतो तो नमुना, आणि तोच बिघडतो.

कोल्हापुरात पाणी काळम्मावाडी धरणाचं असो की बालिंग्याहून उचललेलं, त्यातला क्लोरीन आणि कुजलेल्या पाल्याचं सेंद्रिय द्रव्य जितका वेळ एकत्र, तितके टीएचएम वाढतात. उन्हात तापलेल्या टाकीत हे वेगानं घडतं. उलट झाकण सैल असेल तर काही उडूनही जातात. म्हणून एकाच घरातून दोन नमुने: पाणी सुटल्यावर थेट लाईनचा, आणि दुपारी टाकीचा.

40 मिलीची तपकिरी कुपी, टेफ्लॉन अस्तराचं झाकण. 3 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यातलं 0.1 मिली रिकाम्या कुपीत. लाल टोपीच्या इन्सुलिन सिरिंजवर ते 4 युनिट होतं. नारिंगी टोपीची असेल तर 10; इथं हमखास घोळ होतो. थायोसल्फेट नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुपीतच टीएचएम तयार होत राहतात.

नळाची जाळी काढा, रबरी पाइप लावू नका. तीन मिनिटं पाणी सोडून धार बारीक करा आणि कुपीच्या कडेनं भरा. कुपी ओसंडली की थायोसल्फेट वाहून जातं, म्हणून पाणी काठावर फुगीर दिसताच थांबा. झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, कारण क्लोरोफॉर्म त्या हवेत निघून जातो. मग कुप्या बर्फाच्या थर्माकोल डब्यात, सोबत तुलनेसाठी उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्याची एक कोरी कुपी.

त्याच वेळी डीपीडीची गुलाबी छटा मिनिटाच्या आत वाचा. उशीर झाला की संयुक्त (अमोनियाशी बांधलेला) क्लोरीनही रंगात मिसळतो.

अहवालात चारही संयुगं वेगळी मागा. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेनची 0.06, उरलेल्या दोघांची 0.1. प्रयोगशाळेची मोजण्याची किमान पातळी आधीच विचारा, ती 0.06 च्या वर असेल तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ नाही.

चौथी फेरी मृगाच्या पावसानं पंचगंगा गढूळ झाली की, त्याच दोन नळांवर.